‘मावा नाटे’ : उटनूरची षष्ठी

इंग्रजी व्याकरणातला एक नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकला आणि नोकरीला लागल्यावर विसरलो. एखादी वस्तू कुणाची हे सांगायचे असेल तर नामाला ‘एस’ लावायचा आणि त्याच्या आधी डोक्यावरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यायचा. नाम अनेकवचनी असून शेवटी आधीच ‘एस’ असेल तर स्वल्पविराम त्या ‘एस’च्या पलीकडे. मग मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्द वेगळे लिहीत. मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल. ही अनियमित मंडळी. यांचे अनेकवचन ‘एस’ न लावता होते, म्हणून यांना पुन्हा आधी स्वल्पविराम आणि मग ‘एस’. मुलांना हा अपवाद वाटे, आणि अपवाद म्हटला की तो पाठच करायचा असतो. कारण विचारायचे नसते.

मी सरकारी कचेरीतला कारकून. माझ्या टेबलावरून जाणाऱ्या कागदांत हा स्वल्पविराम पावसाळ्यातल्या किड्यासारखा कुठेही बसलेला दिसतो. ‘विमेन्स डे’च्या परिपत्रकात तो ‘एस’च्या आधी असतो, नंतर असतो, कधी दोन्हीकडे असतो आणि पुष्कळदा नसतोच. कायदे करणारे लोक मात्र हुशार. त्यांनी ही भानगड टाळण्याची युक्ती केव्हाच शोधली आहे. ‘नॅशनल कमिशन फॉर विमेन’ हे नाव पाहा. १९५१ चा ‘रिप्रेझेंटेशन ऑफ द पीपल ॲक्ट’ पाहा. राज्यघटनेतले लोकसभेचे इंग्रजी नाव ‘हाउस ऑफ द पीपल’. कुठेही स्वल्पविराम नाही. ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ घातला की सुटलो!

पण या चार ‘अनियमित’ शब्दांचा इतिहास पाहिला, तर मास्तरांनी आपल्याला गोष्ट उलटी सांगितली असे वाटू लागते.

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत संस्कृतसारख्या विभक्ती होत्या. ‘माणसाचा’ याला ‘मान्नेस’ म्हणत आणि ‘माणसांचा’ याला ‘मान्ना’. मुलाला ‘चिल्ड’ म्हणत आणि ‘मुलांचा’ म्हणायचे तर ‘चिल्ड्रा’. पुढे या विभक्ती झिजल्या. बहुतेक नामांच्या बाबतीत एकच ‘एस’ तीन कामांना जुंपला गेला. ‘किंग्ज’ म्हणजे राजाचा, राजांचा, आणि नुसते ‘पुष्कळ राजे’सुद्धा. कानाला तिन्ही सारखे, आणि त्या काळी कागदावरही सारखेच. सोळाव्या शतकात फ्रेंचांच्या अनुकरणाने इंग्रजीत डोक्यावरचा स्वल्पविराम आला, तो मुळात गाळलेले अक्षर दाखवण्यासाठी. मालकीच्या ‘एस’पाशी तो हळूहळू स्थिरावला. सतराव्या शतकाच्या अखेरीस एकवचनात रुळला आणि अनेकवचनात ‘एस’च्या पलीकडे जाऊन बसायला त्याला अठरावे शतक सरत यावे लागले.

आता मेन आणि चिल्ड्रनकडे पाहा. यांनी आपले जुने अनेकवचन सोडले नव्हते. ‘मॅन’चा ‘मेन’ होताना शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो, त्यामुळे एकटा कोण आणि अनेक कोण हे ऐकताक्षणी कळते. त्यांना स्वल्पविराम मागेपुढे सरकवण्याची गरजच पडली नाही. गोंधळ झाला तो नियमित म्हणवणाऱ्या नामांचा, आणि ठिगळही तिथेच लागले. ज्यांना आपण अनियमित म्हणतो ते शब्द जुन्या घरात राहणारे आहेत, इतकेच.

‘चिल्ड्रन’ची तर आणखी मजा आहे. ‘चिल्ड’चे जुने अनेकवचन ‘चिल्डर’. ते पुरेसे वाटेना म्हणून त्याला जुन्या पद्धतीचाच दुसरा अनेकवचनी प्रत्यय ‘एन’ जोडला. म्हणजे ‘चिल्ड्रन’ हे अनेकवचनाचे अनेकवचन. आपल्याला हसू येईल, पण आपणही हेच केले आहे. ‘उमराव’ हा शब्द अरबी ‘उमरा’वरून आला आणि ‘उमरा’ हे ‘अमीर’चे अनेकवचन. आपण त्याला एकटा माणूस समजलो आणि ‘उमरावांचे वाडे’ म्हणून त्याचे पुन्हा अनेकवचन केले. ‘जवाहीर’ हेही ‘जौहर’चे अनेकवचन, ‘औलाद’ हे ‘वलद’चे. भाषा हिशेबनीस नसते.

आम्हां गोंयकारांसाठी या इतिहासात एक आपला माणूसही आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच १६१९ साली वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. आपल्या कोंकणीचे त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. हा माणूस इंग्लंड सोडून निघाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मातृभाषेत ‘राजाचा’ आणि ‘राजांचा’ कसे लिहावे हे ठरलेले नव्हते. आणि इथे त्याच्यापुढे आली ती ‘रामाचो’, ‘रामाची’, ‘रामाचें’ म्हणणारी भाषा. तिच्यात मालक कोण एवढ्याने भागत नाही. जी वस्तू मालकीची आहे तिचे लिंग-वचनही प्रत्ययात उतरावे लागते. शिवाय ‘रामालें घर’ आणि ‘घराचें दार’ यांत कोंकणी फरक करू शकते, तो निराळाच. स्टीफन्सला हे शिकताना काय वाटले असेल ते असो. आपली भाषा त्याच्या भाषेपेक्षा या बाबतीत चोख होती एवढे खरे.

मराठीची व्यवस्था तीच. चा-ची-चे वस्तूप्रमाणे बदलतात आणि मालक एक की अनेक हे त्याच्या सामान्यरूपात कळते. ‘मुलाचे घर’ आणि ‘मुलांचे घर’ यांत फरक एका टिंबाचा. पण हे टिंब इंग्रजी स्वल्पविरामासारखे मुके नाही, ते उच्चारात ऐकू येते. ‘देव’ या शब्दाचे अनेकवचन ‘देव’च, तरी ‘देवाचा’ आणि ‘देवांचा’ यांत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजीत ‘शीप’चे अनेकवचन ‘शीप’च आणि मालकीही दोन्हीकडे एकच. मेंढरू एक की कळप, हे संदर्भाने ओळखायचे.

जुन्या मराठीत अनुस्वारांचा सुकाळ होता. ‘घरांत’ म्हणजे एका घराच्या आतसुद्धा. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले, तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. राहिले त्यांत अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मुख्य. तेव्हापासून ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. ज्या टिंबाला काम होते ते टिकले.

या टिंबाला दुसरेही एक काम आहे. ‘वडिलांचे घर’ म्हणताना वडील एकच असतात, तरी टिंब येते, कारण ते आदराचे. ‘सरांचे पुस्तक’, ‘बाईंचा तास’. पण ‘आईचे घर’ म्हणताना टिंब नाही. सासूबाईंना ‘आई’ म्हणणारी सून मात्र ‘आईंना विचारते’ म्हणते. स्वतःच्या आईला ‘आईला’ आणि सासूला ‘आईंना’! यात जवळीक किती आणि मान किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मालकीच्या प्रत्ययाआड घरातली उतरंड लपलेली असते.

या विचारात असतानाच मला उटनूरचे नाव भेटले, आणि भेटले ते सेतुमाधवराव पगडींमुळे. आपल्याकडे पगडी माहीत असतात ते शिवचरित्राचे आणि मोगल-मराठा इतिहासाचे अभ्यासक म्हणून. निलंग्याचा १९१० सालचा जन्म, हैदराबाद संस्थानची सनदी नोकरी, पुढे मुंबईत गॅझेटियरचे काम आणि १९९२ साली पद्मभूषण. पण निजामाच्या नोकरीत असताना ते आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींमध्ये काम करत होते, आणि तिथे त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून घेतल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ साली आले आणि १९५० साली त्यांचे कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. फायलींवर शेरे मारणारा एक मराठी अधिकारी, ज्यांना लिपी नाही, कोश नाही, अशा लोकांपाशी बसून त्यांच्या विभक्ती लिहून घेतो. कारकुनी पेशातल्या माणसाला याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

उटनूर हे आदिलाबाद जिल्ह्यातले डोंगरपट्टीतले गाव. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गुडीहतनूरला वळले की इंद्रवेल्लीवरून तिथे जाता येते. आज तो भाग तेलंगणात आहे. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी म्हणून आपल्याकडे आले. उटनूर पलीकडे राहिले. पण रेषा ओढली म्हणून भाषा थांबत नाही. राजगोंडांच्या कुळकथा किकरी वाजवून गाणारे परधान हे या भागात घरी पूर्वापार मराठी बोलत आले आहेत. गाणे गोंडीत आणि घरचे बोलणे मराठीत. बाजारात तेलुगू आहे, जुन्या सरकारी दप्तरात उर्दू आहे आणि नव्या पाट्यांवर तेलुगूबरोबर इंग्रजीही आहे.

म्हणजे या एका डोंगरपट्टीत ‘कुणाचे?’ या प्रश्नाला पाच भाषांत उत्तर मिळते. तेलुगूत मुले म्हणजे ‘पिल्ललु’ आणि मुलांचे म्हणायचे तर ‘पिल्लल’. नुसते सामान्यरूप पुरते. उर्दूत का-की-के. मराठीत टिंब आणि चा-ची-चे. इंग्रजीत स्वल्पविराम. आणि गोंडीत?

गोंडीत ‘आमचे’ याला ‘मावा’ म्हणतात. पण जी गोष्ट आमची आहे ती पुरुष असेल तर ‘मावोर’. मालकीची वस्तू बदलली की प्रत्यय बदलतो, अगदी आपल्या चा-ची-चे सारखा. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, आपली आर्य कुळातली, तरी या बाबतीत दोघी शेजारणी शोभतात. फक्त गोंडीत लिंगे दोनच, एक पुरुषांचे आणि दुसरे बाकी सगळ्यांचे. त्या ‘बाकी सगळ्यांत’ बायका येतात, जनावरे येतात, झाडे आणि गावही येते. आईच्या डोक्यावर टिंब न देणाऱ्या मराठीला यावरून गोंडीला नावे ठेवता येणार नाहीत.

सामान्यरूपही गोंडीत आहे आणि ते आपल्याइतकेच ‘अनियमित’ आहे. गाव म्हणजे ‘नार’. पण ‘गावात’ म्हणायचे तर ‘नाटे’. ‘र’चा ‘ट’ होतो. आपल्याकडे माणूस-माणसाचा, पाणी-पाण्याचे होते तसे. इंग्रजी मास्तराने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला असता असा हा शब्द. आणि याच दोन शब्दांची घोषणा आदिलाबादच्या गोंडांमध्ये गाजली आहे, ‘मावा नाटे मावा राज’. आमच्या गावात आमचे राज्य. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने हीच घोषणा ‘मावा नाटे मावा सरकार’ अशी केली.

आदिवासी बोलींना व्याकरण नसते, असे सुशिक्षित माणसे आजही बिनदिक्कत म्हणतात. ज्या भाषेत ‘आमचा’ म्हणताना काय आमचे आहे याचाही विचार करावा लागतो, तिला व्याकरण नाही कसे म्हणायचे? नसते ते छापील पुस्तक. कोंकणीलाही बोली म्हणून हिणवले गेले आहे, तेव्हा हा अनुभव आपल्याला परका नाही.

पण उटनूरकडे मालकीचा प्रश्न व्याकरणापुरता राहिलेला नाही. निजामाच्या राजवटीत राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि बाहेरून लोक येऊन वसले. गोंड पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होते तिचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. दप्तर उर्दूत. ‘मावा’ हा शब्द त्या दप्तरात कुठेच लिहिलेला नव्हता. कुमरम भीमच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाटला तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवले. तो आणि त्याची पत्नी बेट्टी मारलवाईत जाऊन राहिली. हे गाव तेव्हा उटनूर तालुक्यात होते, आता शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. १९४३ साली तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडीतली पहिली वाचनपुस्तके तयार झाली. त्यांची लिपी होती देवनागरी, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती त्यांतल्या बऱ्याच जणांना ती मराठीमुळे होती. ‘मावा’ हा शब्द शाळेच्या पाटीवर उतरला तो आपल्याच अक्षरांत. त्याच काळात गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे कामही सुरू झाले.

१९५६ नंतर शाळा तेलुगू झाल्या आणि ती पुस्तके मागे पडली. जमिनीचा प्रश्न मात्र मागे पडला नाही. १९५९ चा आणि १९७० चा, असे आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून दोन विनियम झाले, तरी ती जातच राहिली. २० एप्रिल १९८१ रोजी उटनूरजवळच्या इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. मागण्यांत मुख्य मागणी जमिनीचीच होती.

इथे मला पुन्हा ते टिंब आठवते. जुन्या गोव्यात गांवकारी होती. गावची जमीन कुणा एका गांवकाराची नव्हती, ती गांवकारांची होती. पोर्तुगीजांनी १५२६ च्या ‘फोराल’मध्ये गांवकारांचे हे रिवाज लिहून घेतले आणि पुढे त्याचीच कोमुनिदाद झाली. ‘गांवकाराची’ आणि ‘गांवकारांची’ यांत अंतर एका अनुस्वाराचे, पण तो अनुस्वार म्हणजे सगळी खाजने, बांध आणि पाण्याच्या वाटण्या. तो गळला की सामायिक जमीन खाजगी होते. केसलापूरचा नागोबाही असाच ‘मेश्रामांचा’ आहे, मेश्राम कुळाचा. पौष अमावास्येला तिथे जत्रा भरते, तेव्हा पूजेचा मान कुळाचा असतो, एका माणसाचा नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक हक्कांबरोबर सामूहिक हक्कही मान्य केले. मेंढा (लेखा) ला असा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. कायद्याच्या भाषेत जे ‘सामूहिक’, ते व्याकरणाच्या भाषेत अनेकवचनाची षष्ठी. त्या कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नावात स्वल्पविराम नाही. पण हक्काचा कागद लिहिणाऱ्या कारकुनाने मराठीत टिंब विसरून चालणार नाही.

उटनूरजवळच्या नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात काही जुनी हस्तलिखिते सापडली, गोंडीच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेली. २००६ पासून अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले आणि २०१८ साली ती गुंजाळा गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली. म्हणजे आता संगणकावर ‘मावा’ हा शब्द गोंडांच्या स्वतःच्या अक्षरांत लिहिता येतो. ज्या भाषेला लिपी नाही असे सगळे समजत होते, तिची लिपी उटनूरच्या शेजारी कुणाच्या तरी घरात वह्यांत जपून ठेवलेली होती. मेन आणि चिल्ड्रन या शब्दांनी जुने रूप जपले त्यातलाच हा प्रकार. दोन्हीकडे लोकांनी शिक्का एकच मारला, नियमात न बसणारे.

तेलुगूत आणि मराठीत आणखी एक सोय आहे, जी इंग्रजीला कुठलाही स्वल्पविराम देऊन साधता येत नाही. तेलुगूत ‘मा ऊरु’ म्हणजे आमचे गाव, ऐकणाऱ्याला वगळून. आणि ‘मन ऊरु’ म्हणजे आपले गाव, ऐकणाऱ्याला धरून. मराठीतही ‘आमचे’ आणि ‘आपले’ वेगळे. हा फरक आपल्याला द्राविड शेजाऱ्यांकडून मिळाला असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. इंग्रजीत दोन्हींना ‘अवर’. सरकारी जाहिरातीत ‘अवर फॉरेस्ट्स’ असे वाचले की मी भाषांतरापाशी अडखळतो. ‘आमची जंगले’ लिहावे की ‘आपली जंगले’? पहिले लिहिले तर बोलणारे सरकार मालक होते आणि वाचणारा गोंड बाहेर राहतो. दुसरे लिहिले तर दोघेही आत येतात. मी ‘आपली’ लिहितो. साहेब सही करतात. एवढेच एका कारकुनाच्या हातात असते.